मिरच्या उपटल्या, टाकळा राखला

शाळेच्या स्मरणिका समितीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला, मनोगत पाठवा, नऊशे शब्द, सोबत पासपोर्ट साइज फोटो. मी १९९३च्या दहावीच्या बॅचची. चार दिवस नुसतं काय लिहू काय लिहू चाललं होतं, कारण बोर्डात आमची बॅच काही चमकली नाही, वक्तृत्वात मला कधी उत्तेजनार्थसुद्धा मिळालं नाही, आणि 'इवल्याशा रोपट्याचा आज वटवृक्ष झाला' हे वाक्य या अंकात कमीत कमी सहा जण लिहिणार यावर मी पैज लावायला तयार आहे. आमच्या विज्ञानाच्या सरांना ते वाक्य अजिबात चालायचं नाही. गॅदरिंगला पाहुणे असं काही बोलले की मागे उभे राहून हळूच म्हणायचे, अरे वड बहुतेक वेळा जमिनीत रुजतच नाही, पाखरं फळं खाऊन बी टाकतात ते दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात नाहीतर भिंतीच्या फटीत, तिथे हा वाढतो आणि ज्याच्या अंगावर वाढला त्यालाच आवळतो, शाळेला कशाला ती उपमा.

सरांचं नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. दापोली तालुक्यातली आपली शाळा, कौलारू, पावसात तीन वर्गांत बादल्या ठेवायला लागायच्या, आणि मागच्या बाजूला सरांचे चार वाफे. सहावीत असताना माझी वाफ्यांच्या साफसफाईला ड्युटी लागली. मी असं मन लावून काम केलं की काय सांगू, एक वाफा अगदी स्वच्छ, आणि त्यात हिरवीगार टवटवीत रोपं तेवढी ओळीत ठेवली, बारीक पात्यांची सगळी फालतू उपटून कुंपणापलीकडे टाकली. सर आले, बघितलं, मटकन बसले. म्हणाले, अगं बाय, मिरच्या उपटल्यास आणि टाकळा राखलास! सगळा वर्ग हसला. टाकळा पहिल्या पावसात कुठेही ढिगाने येतो, गोल गुबगुबीत पानांचा, मला वाटलं एवढं छान दिसतंय म्हणजे हीच भाजी असणार. तशी भाजी होतेच म्हणा त्याची. सरांनी तो टाकळा कोवळा कोवळा खुडून घरी नेला आणि दुसऱ्या दिवशी डब्यात आणून मला खायला घातला, लसूण आणि ओलं खोबरं घातलेला. मारलं नाही, पण दहावीपर्यंत माझं नाव टाकळा होतं, ग्रुपवर आजही दोघं तिघं तेच म्हणतात.

त्यानंतर वर्गात नियम आला. तिसरं पान येईपर्यंत काही उपटायचं नाही. कारण पहिली जी दोन पानं दिसतात ती खरी पानं नसतातच, ती बियाची डाळ, वर येऊन हिरवी झालेली. मिरचीची, वांग्याची, टोमॅटोची ती दोन पानं जवळजवळ सारखी, अरुंद, टोकाकडे निमुळती, कुणीही फसेल. तिसरं आलं की मग झाड आपलं रूप दाखवतं. सगळे असे वर येत नाहीत हेही तेव्हाच कळलं. बिरड्यासाठी आईने फडक्यात बांधलेले मोड आलेले कडवे वाल आम्ही खिशातून न्यायचो, ते पेरले की वाकलेल्या मानेने माती ढकलत डाळ डोक्यावर घेऊन येतात. मूग, चवळी, चिंच, काजू तसेच. हरभरा, तूर, वाटाणा, आंबा, फणस मात्र डाळ खालीच ठेवतात आणि नुसता कोंब वर पाठवतात. आम्ही त्यांना डोकेवाले आणि तळघरवाले म्हणायचो. परीक्षेत मी खरंच 'तळघरवाले' लिहून आले आणि सरांनी अर्धा मार्क दिला.

जुलैमध्ये भाताच्या लावणीला आम्ही मुली हमखास गैरहजर. घरी माणसं कमी, तरवा म्हणजे भाताची रोपं, ती काढायला लहान हात बरे पडतात. उन्हाळ्यात पालापाचोळ्याचा राब भाजलेल्या जागेत मृगाच्या आसपास पेरलेलं भात तीन साडेतीन आठवड्यांत काढायला येतं, मुळांची माती पाण्यात खळबळवायची, मूठ बांधायची, पुढे चिखलात टाकायची. कंबर अशी भरून यायची की रात्री पालथं झोपावं लागायचं. इतर शिक्षक हजेरीवरून बोलायचे. सर म्हणाले, येताना एक मूठ तरवा घेऊन या, आणि भातासारखं दिसणारं तण पण आणा. मग भिंग देऊन दाखवलं की भाताचं पातं जिथे देठाला मिठी मारतं तिथे आत एक पातळ पांढरी जीभ असते, आणि त्या तणाला ती नसते. मी धावत घरी जाऊन आईला सांगितलं. आई म्हणाली मग काय, एवढं शिकायला शाळेत गेलीस? ती न बघता नुसती बोटं फिरवून तण बाजूला काढायची, गप्पा मारत मारत. हे मी सरांना सांगितलं तर दुसऱ्या दिवशी ते पँट दुमडून आमच्या शेतात हजर, आईला म्हणाले, वहिनी, मला दाखवा. मला इतकं लाजल्यासारखं झालं होतं, का ते आता आठवत नाही.

नवरात्रातल्या रुजवणीचं वेगळंच. देवघरातल्या अंधारात ते धान लांब लांब, पिवळंधमक वाढतं, आमची आजी म्हणायची देवीचा रंग. सर म्हणाले, अर्धी परडी उन्हात ठेवून बघ, प्रकाश मिळाला की हिरवा रंग तयार होतो. ठेवली. हिरवी झाली, आणि घटाला हात लावला म्हणून मला आजीने जे काही सुनावलं त्याला तोड नाही. सरांनी पुढच्या वर्षीपासून तो प्रयोग घरच्या घटावर करायला बंदी घातली.

आठवीतला बाठींचा किस्सा मात्र सांगायलाच हवा. १९९० साली रोजगार हमीतून फळबाग लागवडीची सरकारी योजना आली आणि डोंगरउताराच्या वरकस जमिनीत कलमं लावायला जो तो धावायला लागला. सरांनी आम्हाला रायवळ आंब्याच्या बाठी गोळा करायला लावल्या, शाळेमागे ओळीने रुजत घातल्या. आता रुजलेली बाठ फोडून आतली कोय दगडावर घासली की झकास पिपाणी वाजते हे कोकणातल्या पोरांना सांगायला नको. मधल्या सुट्टीत आम्ही एकेक करत पन्नासेक तरी फस्त केल्या, शाळाभर पीं पीं. सर काही बोलले नाहीत, उरलेल्या घेऊन आम्हाला दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या नर्सरीत नेलं. तिथे माळीदादांनी तांबूस, लुसलुशीत पानांचं जेमतेम पंधरा दिवसांचं रोप घेतलं, ब्लेडने त्याचं मुंडकंच उडवलं, उभी चीर दिली, हापूसची काडी पाचरीसारखी तासून आत बसवली आणि प्लास्टिकची पट्टी गुंडाळली. मला रडूच आलं. दादा म्हणाले, पानं हिरवी झाली की उशीर झाला, आणि हापूसची बाठ लावून हापूस येत नाही, त्याला हेच लागतं. आम्ही पिपाण्या केल्या त्यापेक्षा हे बरं की वाईट ते त्या वयात ठरवता आलं नाही.

आता डोंबिवलीत आहे, तिसऱ्या मजल्यावर, गॅलरीत अकरा कुंड्या. कढीपत्त्याच्या कुंडीत ओल्या कचऱ्याच्या खतातून टोमॅटो येतात, मी ठेवते, सासूबाई उपटतात. प्लॅटफॉर्मच्या टोकाला खडीत मिरचीचं रोप दिसलं की ७.५२ची लोकल चुकते कधी कधी.

जाता जाता एक काम. मागच्या महिन्यात शाळेत येऊन गेले तेव्हा नव्या हॉलच्या मागच्या भिंतीत, पन्हाळीच्या पाइपाजवळ, वीतभर पिंपळ आलेला बघितला. फोटोसाठी छान दिसतो, तरी समितीने तो कार्यक्रमाच्या आधी काढावा. नुसता कापू नका, परत फुटतो. पावसाने फट ओली असेल तेव्हा मुळासकट ओढा आणि लगेच सिमेंट भरा. मूळ कुंडीत लावायला मला दिलं तरी चालेल.