तुम्ही विचारलंत म्हणून : दिवे गेल्याने माणसं मरतात का?

"साहेब, वीजकेंद्रावर बॉम्ब टाकलेला बरा की! यंत्रं जातात, माणसं वाचतात."

विजेच्या उपकेंद्रांच्या देखभालीत नोकरी संपवलेल्या माणसाला हा प्रश्न चुकत नाही. लग्नात, कट्ट्यावर, कुठेही कुणीतरी गाठतंच. मे 2025 मध्ये तर त्याला ऊत आला होता. 7 मेला मुंबई, उरण, तारापूर इथे नागरी संरक्षणाच्या रंगीत तालमी झाल्या आणि पुढच्या दोन-चार दिवसांत पाकिस्तानच्या सायबर हल्ल्याने भारताची 70 टक्के वीजयंत्रणा बंद पडल्याचा निरोप फिरू लागला. केंद्र सरकारच्या माहिती खात्याने, पीआयबीने, तो खोटा असल्याचं जाहीर केलं. लोक मात्र चालू पंख्याखाली बसून तो पुढे ढकलत होते! खालोखाल दुसरा सूर होता : आपणही त्यांना अंधारात बुडवायला हवं, रक्तपात नको असेल तर हाच सभ्य मार्ग.

तर उत्तर असं की माणसं मरतात. त्या रात्री मरत नाहीत आणि बॉम्ब पडला तिथेही मरत नाहीत, म्हणून आपल्याला दिसत नाहीत.

मुळात वीज गेली की शहरात सगळ्यात आधी अडतं ते पाणी. पंप थांबले की जलवाहिनीतला दाब उतरतो. आपल्या जुन्या वाहिन्या गळक्या असतात हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण दाब आहे तोवर पाणी सांध्यातून बाहेर झिरपतं. दाब गेला की उलटं होतं, शेजारच्या गटाराचं पाणी आत ओढलं जातं. क्लोरीन सोडणारी यंत्रणाही त्याच विजेवर चालते. तिकडे सांडपाण्याचे पंप बंद पडलेले असतात, म्हणजे मैला रस्त्यावर तुंबतो किंवा प्रक्रियेविना नदीत जातो. आणि नदीच्या खालच्या अंगाचं गाव पिण्याचं पाणी बहुतेक वेळा त्याच नदीतून उपसतं. एवढं झालं की पुढचं काम अतिसार करतो, आणि तो आधी लहान मुलांना गाठतो.

हे 1991 मध्ये इराकमध्ये झालं. 17 जानेवारीला अमेरिकेच्या नेतृत्वाखाली हवाई मोहीम सुरू झाली आणि वीजयंत्रणा पहिल्या रात्रीपासूनच लक्ष्यांच्या यादीत होती. बगदाद अंधारात गेलं, पाणी गेलं, मैला टायग्रिस नदीत जाऊ लागला. निर्बंधांमुळे क्लोरीन आणि सुटे भाग आणायचीही मारामार. मार्चमध्ये मार्टी अहतिसारी यांच्या नेतृत्वाखाली संयुक्त राष्ट्रांचं पथक गेलं, त्यांनी अहवालात ही अवस्था जवळजवळ प्रलयासारखी असल्याचं लिहिलं. नंतर कॉलरा आणि टायफॉईड आले. मृतांच्या आकड्यांवरून मात्र पुष्कळ भांडणं झाली. निर्बंधांच्या काळात 5 लाख मुलं दगावली हा जगभर गाजलेला आकडा ज्या पाहणीतून आला, तिच्यात सद्दामच्या सरकारने फेरफार केल्याचं पुढच्या संशोधनात दिसलं. त्यामुळे मी कुणाला आकडा सांगत नाही. आकडा फुगवला गेला म्हणून मुलं मेलीच नाहीत, असं म्हणणारे भेटतात, त्यांच्याशी वाद घालायचाही आता कंटाळा येतो.

आमच्या धंद्यातल्या माणसाला खरं चक्रावून टाकतं ते 1999 चं सर्बिया, तेव्हाच्या युगोस्लाव्हियाचा भाग. 2 मेच्या रात्री नाटोच्या विमानांनी उपकेंद्रांवर ग्रॅफाइटचे बॉम्ब टाकले. स्फोट जेमतेम, पण हवेत केसापेक्षा बारीक तंतूंची गुंडाळी उलगडते आणि ते उघड्या यार्डावर तरंगत उतरतात. ग्रॅफाइटमधून वीज वाहते. एक तंतू दोन फेजच्या तारांवर आडवा पडला की ठिणगीचा आर्क पडतो, बिघाड ओळखणारी रिले ब्रेकर उडवते म्हणजे पुरवठा तोडते, एकामागून एक लाइन सुटते. देशाच्या सुमारे 70 टक्के भागातले दिवे गेले. इमारत पडली नाही, कुणी भाजलं नाही. दुसऱ्या दिवशी नाटोचे प्रवक्ते जेमी शे यांनी युगोस्लाव्हियातल्या दिव्याच्या बटणावर आता आमचं बोट आहे, अशा अर्थाचं विधान केलं.

पण पुढची कामं बघा. लाइन बंद करा, अर्थिंग करा, शिडी लावा, एकेक इन्सुलेटर पुसा. यार्डात कुठे गवतात तंतू राहिला असेल तर वाऱ्याने पुन्हा वर यायची भीती. असं करून तिथल्या लाइनमननी बरीचशी वीज लवकर परत आणली, आणि काही दिवसांत नाटोने पुन्हा तेच केलं. मे अखेरीस शे म्हणाले की लोकांना वीज-पाणी हवं असेल तर युगोस्लाव्हियाचा अध्यक्ष मिलोशेविच याने आमच्या अटी मान्य कराव्यात. माझ्या मते इथे खरं बिंग फुटलं. लष्कराचा रडार, मुख्यालय, दारूगोळ्याचा कारखाना, या सगळ्यांकडे स्वतःचे डिझेल जनरेटर असतात. ग्रिड पाडलं तर लष्कराला त्रास होतो हे खरं, पण गुडघे टेकतो तो सहाव्या मजल्यावरचा म्हातारा. आणि त्याने गुडघे टेकावेत हाच त्यात हिशेब असतो.

रशियाने 10 ऑक्टोबर 2022 पासून युक्रेनवर हाच हिशेब मांडला, पण ग्रॅफाइटने नाही, खऱ्याखुऱ्या क्षेपणास्त्रांनी आणि ड्रोननी. निशाण्यावर मोठे ऑटोट्रान्सफॉर्मर, म्हणजे वीज एका दाबावरून दुसऱ्या दाबावर नेणारी यंत्रं. हे यंत्र दुकानात मिळत नाही. ऑर्डर दिल्यावर वर्ष-वर्ष थांबावं लागतं, वजन शेकडो टनांच्या घरात, आणायचं तर रस्त्यावरचे पूल तपासावे लागतात. त्यात युक्रेनचं जाळं सोव्हिएत काळातलं, 330 आणि 750 केव्हीचं (किलोव्होल्टचं), आणि पश्चिम युरोपात 220 आणि 400 चालतं, म्हणजे शेजाऱ्याने द्यायचं म्हटलं तरी बसत नाही. लिथुआनियात 330 होतं, म्हणून त्यांनी एक पाठवला. 23 नोव्हेंबर 2022 च्या हल्ल्यानंतर युक्रेनची सगळी अणुवीजकेंद्रं ग्रिडपासून तुटली. त्याच दिवशी कीवच्या हृदयरोग संस्थेत डॉक्टरांनी डोक्यावरच्या टॉर्चच्या उजेडात शस्त्रक्रिया केली. कीवमधल्या लिफ्टमध्ये लोक पाणी आणि खाऊची खोकी ठेवू लागले, कोण कधी अडकेल याचा नेम नव्हता.

गाझात वेगळं काही झालं नाही, फक्त दिवे घालवायला बॉम्ब टाकायचीही गरज पडली नाही. हमासच्या 7 ऑक्टोबर 2023 च्या हल्ल्यानंतर इस्रायलने वीज तोडली, इंधन अडवलं आणि 11 ऑक्टोबरला तिथलं एकमेव वीजकेंद्र थंडावलं. जुलै 2024 मध्ये सांडपाण्यात पोलिओचा विषाणू सापडला, ऑगस्टमध्ये दहा महिन्यांच्या बाळाला पोलिओ झाला. पंचवीस वर्षांत तिथला पहिला.

"मग कायदा काय करतो?" हा उपप्रश्न येतोच. कायदा आहे. जीनिव्हा करारांना 1977 मध्ये जोडलेल्या पहिल्या प्रोटोकॉलात पिण्याच्या पाण्याच्या यंत्रणेला संरक्षण आहे. वीजकेंद्राचं मात्र तसं नाही, ते लष्करालाही वीज देतं म्हणून लष्करी लक्ष्य ठरू शकतं, आणि मग लष्करी फायदा विरुद्ध नागरिकांचं नुकसान असा तराजू येतो. नाटोच्या 1999 च्या मोहिमेची चौकशी नको, असा अभिप्राय युगोस्लाव्हियातल्या युद्धगुन्ह्यांसाठी नेमलेल्या हेगच्या न्यायाधिकरणाच्या समितीने 2000 मध्ये दिला. मार्च 2024 मध्ये हेगच्याच आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने युक्रेनच्या वीजयंत्रणेवरील हल्ल्यांसाठी दोन रशियन सेनाधिकाऱ्यांवर वॉरंट काढलं, जूनमध्ये रशियाचे माजी संरक्षणमंत्री शोइगू आणि सेनाप्रमुख गेरासिमोव्ह यांच्यावर. नोव्हेंबरमध्ये इस्रायलचे नेते नेतान्याहू आणि गॅलंट यांच्यावरच्या वॉरंटमध्ये इंधन आणि विजेपासून लोकांना वंचित ठेवल्याचा उल्लेख आला. यात अमेरिकी किंवा नाटोचा कुणी नाही, हे मलाही दिसतं. तरी 1991 मध्ये ज्याला फारसं कुणी गुन्हा म्हणायला तयार नव्हतं, त्यावर आज वॉरंट निघतं, याला मी किंमत देतो. भारत त्या प्रोटोकॉलातही नाही आणि त्या न्यायालयातही नाही.

पण आपल्याकडे एक गोष्ट आहे, जी टीव्हीवर ओरडणाऱ्यांना बहुधा ठाऊक नसते. भारत-पाकिस्तानने 31 डिसेंबर 1988 ला एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार केला. 1992 पासून दर 1 जानेवारीला दोन्ही देश आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. कारगिल झालं, मुंबईवर हल्ला झाला, बालाकोट झालं, याद्या गेल्या. त्याच यादीत शहरांना पाणी उपसून देणारी केंद्रं आणि त्यांना वीज पुरवणारी उपकेंद्रं का घालू नयेत, एवढाच माझा मुद्दा असतो.

यावर परवा एकाने विचारलं, "म्हणजे आपल्या उपकेंद्रांचे पत्ते आपणच शत्रूला द्यायचे?" अहो, 400 केव्हीचं उपकेंद्र लपवता येत नाही. उपग्रहाच्या नकाशावर कुठलाही टॉवर धरा आणि तारेतारेने चालत जा, थेट दारात पोचाल.