शरदाच्या गाण्यांची यादी करताना: माझा अनुभव

टोरांटोला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीने गेल्या सप्टेंबरच्या अखेरीस निरोप पाठवला, “इकडे पाने लाल व्हायला लागली आहेत. कामावर जाता-येता गाडीत ऐकायला पानगळीची मराठी गाणी काढून दे.” ताईने काही मागितले की नाही म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही. शिवाय गाण्यांची यादी करणे म्हणजे फार तर अर्ध्या तासाचे काम, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात त्याला दहा दिवस लागले.

पहिली अडचण ‘पानगळ’ या शब्दानेच उभी केली. पुण्यात त्या दिवसांत पाने गळत नाहीत. डोंगर अजून हिरवे असतात, प्राजक्ताचा सडा पडत असतो आणि बाजारात झेंडूचे ढीग लागतात. आपल्याकडे पानगळ शिशिराची. मर्ढेकरांच्या ‘शिशिरागम’मध्ये (१९३९) एकेक पान गळते तेही शिशिर परत आल्यावरच. म्हणजे ताईच्या दारातला ऋतू आणि माझ्या दारातला शरद यांची गाठ केवळ दिनदर्शिकेवर पडत होती. तिच्या मेपलला शोभतील अशी उदास गाणी शोधावीत, की इथला आश्विन-कार्तिक जसा आहे तसा पाठवावा, यावर दोन दिवस विचार करून मी दुसरा मार्ग धरला.

मग असे लक्षात आले की मराठी गाण्यांत श्रावण उदंड आहे, वसंतही पुष्कळ आहे, पण शरद स्वतःच्या नावाने फारसा येत नाही. कुमार गंधर्वांनी ऋतूंवर ‘गीत वर्षा’, ‘गीत हेमंत’ आणि ‘गीत वसंत’ हे कार्यक्रम केले. त्या तीन नावांतही शरद नाही. तो बहुतेक वेळा चांदण्याच्या आडून येतो. म्हणून मी चंद्र, चांदणे, पुनव असे शब्द असलेली गाणी गोळा करत सुटलो आणि पहिल्याच रात्री यादी एकेचाळीस गाण्यांची झाली.

एवढी लांब यादी कोणी ऐकत नाही, हे मला स्वतःवरूनच ठाऊक होते. त्यामुळे प्रत्येक गाण्याचे शब्द समोर ठेवून वाचायला घेतले आणि तिथे सर्वांत मोठा धक्का बसला. ‘तोच चंद्रमा नभात’ हे शान्ता शेळके यांचे, सुधीर फडके यांनी स्वरबद्ध करून गायलेले गीत आमच्या गच्चीवर दर कोजागिरीला न चुकता लागते. मात्र त्यातली रात्र चैत्राची आहे, आणि ती तशी पहिल्याच ओळीत सांगितलेली आहे. ज्या जुन्या संस्कृत श्लोकावरून ते सुचले, त्यातही चैत्राच्याच रात्री आहेत. इतकी वर्षे मी ते मसाला दुधाचा पेला हातात धरून ऐकत होतो! ते काढून टाकले असे आईला सांगितले, तेव्हा ती म्हणाली, “चांदणं काय महिना विचारून पडतं का रे?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, तरीही ते गाणे मी बाहेरच ठेवले. ‘मालवून टाक दीप’ मात्र वेगळ्या कारणाने गेले. दिवाळी तोंडावर आलेली असताना दिवा विझवायला सांगणारे गाणे, कितीही सुंदर असले तरी, बरे दिसत नाही.

उरलेल्या गाण्यांचा क्रम लावण्यात मला खरा आनंद मिळाला. एका कोजागिरीची रात्र सुरुवातीपासून पहाटेपर्यंत पुढे सरकावी, अशी कल्पना होती. प्रथम ‘शुक्रतारा मंद वारा’ आणि त्यानंतर बकुळ पंडित यांचे, ‘पाणिग्रहण’ नाटकातले ‘उगवला चंद्र पुनवेचा’ असे ठेवले होते. नंतर आठवले की पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारासच उगवतो, तेव्हा त्याचे गाणे सर्वांत आधी हवे. मग ‘चांदण्यात फिरताना’, मध्यरात्रीनंतर ‘तरुण आहे रात्र अजुनी’, पुढे सुधीर मोघे यांचे ‘सखी मंद झाल्या तारका’, आणि शेवटी ‘अमर भूपाळी’ (१९५१) चित्रपटातली ‘घनश्याम सुंदरा’ ही भूपाळी. कोजागिरीपासून देवळांत पहाटे काकडा सुरू होतो, तो गारवा त्या भूपाळीत मला नेहमी जाणवतो. तिच्या आधी भैरवातली एक बंदिश घातली, कारण रागांच्या जुन्या ऋतुविभागणीत भैरव शरदाच्या वाट्याला आलेला आहे, जरी आज तो बारा महिने सकाळी गायला जात असला तरी.

भोंडल्याशिवाय आश्विन पुरा होणार नव्हता. गाण्यांच्या ॲपवर ‘ऐलमा पैलमा’ सापडले खरे, पण कीबोर्ड आणि ढोलकीच्या माऱ्यात. हत्तीभोवती फेर धरणाऱ्या बायकांचा किंचित बेसूर, किंचित दमलेला आवाज त्यात नव्हता. म्हणून आई आणि शेजारच्या दोघी काकूंना स्वयंपाकघरात बसवून फोनवर गाणे मुद्रित केले. मधेच कुकरची शिट्टी झाली, ती तशीच राहू दिली.

यानंतर यादी पाठवण्याचा प्रसंग आला आणि आणखी चार दिवस गेले. पाठवलेला दुवा ताईकडे उघडेना, कारण यादी खासगी ठेवलेली होती. ती खुली केल्यावर तीन गाणी तिला करड्या अक्षरांत दिसू लागली, म्हणजे कॅनडात ती वाजवण्याची परवानगी नव्हती. त्यांतल्या दोन गाण्यांच्या दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेच्या प्रती मिळाल्या, तिसरे सोडावे लागले. स्वयंपाकघरातला भोंडला माझ्या फोनवर यादीत व्यवस्थित वाजत होता, पण दुव्याबरोबर तो पुढे जात नाही, असे कळले. तो व्हॉट्सॲपवर वेगळा पाठवला. सर्वांत वाईट म्हणजे ताईचे खाते मोफतचे असल्यामुळे गाणी उलटसुलट क्रमाने लागत होती, आणि मी इतक्या विचाराने रचलेली रात्र तिच्या गाडीत भूपाळीने सुरू होऊन मधेच चंद्र उगवून साबणाच्या जाहिरातीपाशी थांबत होती.

६ ऑक्टोबरला, कोजागिरीच्या रात्री, आमच्या गच्चीवर यादी योग्य क्रमाने वाजली. दुधाची दुसरी फेरी होईपर्यंत सगळे शांत बसले होते, मग कोणीतरी “तोच चंद्रमा कुठे आहे?” असे विचारले. चैत्राचे कारण सांगायला मी तोंड उघडले, तोवर चौघांनी ते स्वतःच म्हणायला सुरुवात केली होती आणि आईने माझ्याकडे न बघता सूर धरला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला ताईचा फोन आला. तिकडे रात्रीचे साडेआठ वाजले होते आणि तिने मुलांना घेऊन मागच्या अंगणात दूध ठेवले होते. यादीची कुरकुर नको म्हणून तिने फक्त भोंडल्याची ध्वनिफीत लावली होती. शिट्टी झाली तेव्हा धाकटा आत गॅस बघायला पळाला, असे तिने सांगितले. यादीचे नाव मी त्याच सकाळी ‘पानगळ’ खोडून ‘आश्विन’ असे केले.