काळ्या गायी आणि उशिरा येणारा फाटकवाला

परवा दुपारी मीटिंग चालू होती, कॅमेरा बंद, माइक बंद, आणि फोन टेबलावर व्हायब्रेट मोडवर. तो गुरगुरायला लागला आणि गुरगुरत गुरगुरत सरकायला लागला, आधी चहाच्या कपाकडे, मग कपाला टेकून जरासा वळला, मग थेट टेबलाच्या कडेकडे. बघितलं तर मामाचा, नेरळहून. उचलायला हवा होता खरं तर, पण मीटिंग होती आणि दुसरं म्हणजे मी त्या सरकण्याकडेच बघत बसलो, कारण डोक्यात एकदम आलं, अरे ही तर आपली गाय!

गाय म्हणजे बेसमेंटमधली. लायनेल ह्या अमेरिकन कंपनीच्या खेळण्यातल्या आगगाड्यांमध्ये एक गुरांचा डबा असतो, १९४९ साली पहिल्यांदा आला, त्याच्यासोबत एक छोटा कोंडवाडा. बटण दाबलं की डब्याची आणि कोंडवाड्याची जमीन थरथरायला लागते आणि त्या थरथरीवर काळ्या गायी एकामागोमाग एक डब्यातून उतरून, कोंडवाड्यात चक्कर मारून परत डब्यात चढतात. पाय हलत नाहीत, शेपटी हलत नाही, नुसत्या सरकतात. ही झाली थिअरी. माझ्या सात गायींपैकी पहिली दारात आडवी होते, दुसरी तिला धडकून उलटी फिरते, तिसरी कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभी राहते, शिक्षा केल्यासारखी. व्होल्टेज वाढवला तर सगळ्या जागच्या जागी गरगर. कमी केला तर नुसता आवाज, दाढीच्या मशीनसारखा. ह्यात बनवणाऱ्याला बोल लावण्यात अर्थ नाही, वस्तू माझ्यापेक्षा वयाने मोठी आहे आणि माझं टेबल एका बाजूला कललेलं आहे हे मला माहितीये. तरी पण प्रत्येक वेळी पाहुणे आले की मी आधी गायीच दाखवतो आणि प्रत्येक वेळी शेवटी बोटाने ढकलतो. पाहुण्यांची मुलं म्हणतात, अंकल, यू आर चीटिंग.

आता न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाच्या बेसमेंटमध्ये गणपतीचं मखर, इडलीचा मोठा स्टँड आणि न उघडलेल्या बॅगा सोडून हे कुठून आलं, तर गराज सेलमधून. एक आजोबा सगळं विकून मुलीकडे राहायला चालले होते, मी गेलो होतो शिडी घ्यायला. शिडी राहिली, दोन खोकी आली. बायको अजून शिडीचं विचारते. नंतर कळलं की हे सगळं जिथे बनायचं तो लायनेलचा कारखाना हिलसाइडला होता, म्हणजे आमच्या घरापासून गाडीने फार तर अर्धा तास. म्हणजे ह्या गायी मूळच्या इकडच्याच, मीच बाहेरचा.

लायनेलवाल्या जोशुआ कोवेनची गोष्ट मला फार आवडते. १९०० साली न्यूयॉर्कमध्ये कंपनी काढली, आणि पहिली गाडी बनवली ती खेळणं म्हणून नाहीच, दुकानाच्या शोकेसमध्ये फिरवायला, म्हणजे लोक थांबतील, बघतील आणि आतला माल घेतील. लोक थांबले, आणि म्हणाले ही गाडीच द्या. माल राहिला बाजूला.

तर आवडती वस्तू कुठली म्हणाल तर दुधाचा डबा. १९४७ चा. ह्यावर माझ्याशी कोणी वाद घालू नये. पांढरा रेफ्रिजरेटेड डबा, बाजूला दोन दारं, बटण दाबलं की खाड्कन दारं उघडतात, पांढऱ्या कपड्यातला एक माणूस बाहेर येतो, दुधाचा कॅन प्लॅटफॉर्मवर ठेवतो, आणि कोणीतरी ओरडल्यासारखा परत आत. दारं बंद. कॅनच्या बुडाशी चुंबक असतं म्हणून तो पत्र्याच्या प्लॅटफॉर्मवर उभा राहतो, म्हणजे बहुतेक वेळा उभा राहतो, कधी कधी आधीच्या कॅनला पाडून स्वतः त्याच्या जागी उभा राहतो. सगळं मिळून एक सेकंद. पण त्याच्यासाठी गाडी बरोब्बर त्या स्पेशल रुळाच्या तुकड्यावर थांबायला हवी, इंचभर पुढे गेली की तो आतच बसून राहतो. मला वाटतं खरा खेळ तोच आहे, आपल्या लोकलचा मोटरमन बारा डब्यांच्या पाटीपाशी कशी आणून लावतो, तसं. मला अजून जमत नाही. पुढे, मागे, पुढे, मागे. खऱ्या प्लॅटफॉर्मवर असतो तर पब्लिकने मारला असता.

आणि ह्याच डब्यात ह्या सगळ्या प्रकारातली मेख आहे. सगळे कॅन बाहेर यायला लागतं अर्धं मिनिट, तेही दम खात बटण दाबलं तर. मग? मग डब्याच्या टपावरचं छोटं झाकण उघडायचं आणि एकेक कॅन, शेंगदाण्याएवढा, चिमटीत धरून, नीट दिशेने, परत आत सोडायचा. वाकडा गेला की अडकला, की डबा उलटा करून हलवायचा. पाच-सात मिनिटं. म्हणजे तो पांढऱ्या कपड्यातला साहेब, आणि हमाल कोण, तर मी. लाकडाच्या ओंडक्यांचं तेच. ओंडके पट्ट्यावरून वर चढतात, गाडीत पडतात, गाडी एक गोल फिरून येते, बटण दाबलं की बाजूला पाडते, आणि मग ते उचलून परत पट्ट्यापाशी नेणारा माणूस कंपनीने दिलेला नाही. इलेक्ट्रिक गाड्या, रिमोट कंट्रोल, आणि सुट्टीच्या दिवशी पन्नाशीचा माणूस गुडघ्यावर बसून काड्या वेचतोय. मुलगी लहानपणी म्हणायची, बाबा, तूच फास्ट आहेस, तूच ने ना सगळं.

कोळसा तर विचारूच नका. साबुदाण्याएवढे काळे दाणे, पिशवीत मिळायचे, अजूनही मिळतात. लोडर चालू केला की चेनवरून वर जातात आणि त्यातले निम्मे गाडीत पडतात. उरलेले निम्मे आमच्या घरात आहेत. कार्पेटमध्ये, व्हॅक्यूममध्ये, एकदा फराळाच्या डब्यात एक सापडला, चिवड्यात, बायकोने तो दाणा वाटीत ठेवून माझ्यासमोर आणून ठेवला आणि काही बोलली नाही. त्या दिवसापासून कोळसा बंद.

हल्लीची एक नवी वस्तूही घेतली होती हौसेने, नाव नको, पेट्रोल पंप होता, फोनवरच्या ॲपने चालणारा. सगळं अचूक. माणूस बाहेर येतो, गाडी पुसतो, आत जातो, आवाज येतो, दिवे लागतात. दोन दिवस बघितला. एकदाही अडकला नाही. आता तो माळ्यावर आहे.

त्यापेक्षा जिराफ बघा. १९६० चा डबा, वर ब्राँक्स झू लिहिलेलं, टपातून जिराफाची मान बाहेर. रुळाच्या कडेला एका खांबावरून दोऱ्या लोंबत असतात, खऱ्या रेल्वेत पूर्वी टपावरच्या माणसाला पुढे बुटका पूल आहे हे कळावं म्हणून लावायचे तशा, आणि डबा तिथे आला की जिराफ मान खाली घालतो आणि पलीकडे गेला की परत वर. बास, एवढंच काम. आमच्या आजीच्या वाड्याच्या दाराला असं होतं, चौकट इतकी बुटकी की प्रत्येक उंच माणूस आत येताना न बघता मान झुकवायचा, आणि सवय इतकी की नवीन घरात, मोठ्या दारातून येतानाही काका मान झुकवायचे. जिराफ पण तसाच. दोऱ्या काढून ठेवल्या तरी झुकतो, कारण खरं काम रुळालगतची पट्टी करते, दोऱ्यांचा काही संबंधच नाही.

चोर-शिपायाचा एक डबा आहे त्याच सुमाराचा, रुळावर एक पूल, गाडी त्याखालून गेली की टपावरचा पुलावर आणि पुलावरचा टपावर, पुढच्या फेरीला परत उलट. साठ वर्षं झाली, पकडला नाही अजून. माझ्याकडे नाहीये तो, म्हणून जास्त लिहीत नाही.

पण माझं खरं भांडण आहे फाटकवाल्याशी. लायनेलचा गेटमन १९३५ पासून आहे. छोटी केबिन, गाडी आली की दार उघडतं आणि हातात कंदील घेऊन माणूस झटकन बाहेर येतो, गाडी गेली की आत. सगळ्यांचा लाडका. माझं म्हणणं, हा माणूस उशिरा येतो. इंजिन पार फाटकावर आलेलं असतं आणि मग हे महाशय कंदील हलवत बाहेर. आता काय उपयोग? रुळाखालचा कॉन्टॅक्टर, म्हणजे गाडीच्या वजनाने दबणारं बटण, जरा अलीकडे सरकवून बघितला, तर आधी येतो खरा, पण माझी गाडी चार डब्यांची, शेवटचा डबा फाटकावर यायच्या आत हा आत जाऊन दार लावून बसलेला. म्हणजे एक तर उशिरा येणार किंवा लवकर जाणार. सरकारी नोकरीत शोभेल.

मला हे सहन होत नाही कारण मी खरा फाटकवाला बघितलाय. मामाच्या घरामागून मुंबई-पुणे लाइन जायची. टॉय ट्रेन म्हटली की आपल्याला माथेरानची आठवते, १९०७ पासूनची, दोन फुटी रुळांवरची, ती पण तिथूनच सुटायची, त्यामुळे लहानपणी मला वाटायचं की खऱ्या गाड्या दोन साइजमध्ये मिळतात, मोठ्यांसाठी वेगळी आणि आमच्यासाठी वेगळी. तर फाटक. मे महिना, अंगाला आंब्याचा चिकटपणा, आणि संध्याकाळी डेक्कन क्वीन यायच्या आधी केबिनमधला फोन वाजायचा. फाटकवाले काका प्रायव्हेट नंबर, म्हणजे खूण म्हणून स्टेशनला द्यायचा आकडा, सांगायचे, चार-सात, सत्तेचाळीस, असा ओरडून, आणि रजिस्टरमध्ये लिहायचे, मग ते मोठं चाक फिरवायचे, घंटा टणटण वाजत फाटक खाली, अलीकडे एक बैलगाडी आणि दोन स्कूटर, आणि मग काका झेंडे गुंडाळून हातात धरून बाहेर येऊन उभे राहायचे. गाडी अजून दिसतही नसायची. नुसता रूळ वाजत असायचा. इतकं आधी. मग ती यायची आणि काकांचा शर्ट फडफडायचा, आणि ते हलायचे नाहीत. माझ्या डोळ्यासमोर आहे अजून, शर्टाचा रंगसुद्धा.

मीटिंग संपली. मी मामाला फोन लावला. इकडे अडीच, म्हणजे तिकडे रात्रीचे बारा, पण पहिल्याच रिंगला उचलला. मी म्हटलं, मामा, आधी एक सांग, आपल्या मागचे ते फाटकवाले काका, गाडीच्या किती आधी बाहेर यायचे रे?

"कोण, तो? तो कशाला बाहेर येतोय. खुर्चीतून उठायचा नाही, गुडघे गेलेले त्याचे."

"अरे मग झेंडा घेऊन कोण उभं राहायचं?"

"तूच की! मामीचं हिरवं ब्लाऊजपीस घेऊन पळत सुटायचास. ते पण अर्धी गाडी गेल्यावर."

मग तो बराच वेळ हसला, मी पण हसलो, मामीने झोपेतून विचारलं कोणाचा फोन, आणि मग आंब्यांचं निघालं, आणि पावसाचं, आणि ठेवला. एवढ्या रात्री त्याने मला फोन कशाला केला होता, ते विचारायचं राहूनच गेलं.