मागच्या एक्सलच्या पुढं एक इंच

आमच्या मंडळाचा मेळावा दरवर्षी दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी भरतो. दीपप्रज्वलन, शाहू महाराजांच्या तसबिरीला हार, पाहुण्यांना नारळ, अहवाल हे सगळं यथासांग होतं. मी वर्षभर वाट बघतो ती लाकडी गाड्यांच्या शर्यतीची, आणि त्याहून जास्त शर्यत संपल्यावर मुलं जे बोलतात त्याची.

या गाडीला मोटर नाही, सेल नाही, चावी नाही. उतारावरून सोडायची, पुढं सपाटीवर कमावलेल्या वेगावर जाईल तशी जाईल. खेळ मूळचा अमेरिकेतला. १९५३ साली कॅलिफोर्नियात मॅनहॅटन बीच इथं डॉन मर्फी यांनी तो स्काउटच्या लहान मुलांसाठी सुरू केला, कारण मुलांनी आत बसून चालवायच्या सोपबॉक्स गाड्यांच्या शर्यतीला त्यांचा मुलगा वयानं कमी पडत होता. तिकडची पाच औंसांची मर्यादा, म्हणजे जवळपास १४२ ग्रॅम, आम्ही तशीच घेतली. बाकी सगळं इथलं. देवदारी खोक्याचं लाकूड, उद्यमनगरात लेथवर कातलेली चाकं आणि वजनाला गुजरीतला, म्हणजे सराफ बाजारातला, सोनं तोलायचा काटा.

निकाल लागला की 'गाडीचं मनोगत' असतं. हरलेल्यांनी आधी बोलायचं, हा नियम पहिल्या वर्षापासूनचा.

सातवीतल्या एका मुलीचं बोलणं मला पाठ झालंय. आदल्या वर्षी तिनं सगळं वजन नाकात भरलं होतं. "मला वाटलं, वजन पुढं असलं की ते गाडीला ओढत नेईल," ती म्हणाली. मग तिनं हातानंच उतार काढून दाखवला. गाडी वर उभी असते तेव्हा तिची शेपूट सगळ्यात उंच असते. तिथलं वजन जास्त उंचीवरून खाली येतं, म्हणून जास्त वेग देऊन जातं. गाडी फूटपट्टीच्या कडेवर आडवी तोलत तिनं पितळी तुकडे मागं मागं सरकवले, तोल मागच्या एक्सलच्या, म्हणजे चाकांच्या आसाच्या, पुढं एक इंचावर येईपर्यंत. शिसं थोड्या जागेत जास्त भरतं, पण मुलांच्या हाती ते नको म्हणून आम्ही बंद केलंय. वजन मागं नेलं त्या वर्षी तिचा तिसरा नंबर आला. बोलताना तिचा आवाज कापत होता आणि इकडं माझे डोळे भरून आले होते.

तिच्यानंतर उठलेल्या मुलानं तोल आणखी मागं नेला होता. पुढच्या चाकांवर भारच उरला नाही. उतार संपून सपाटी लागते त्या सांध्यावर गाडीनं नाक उचललं आणि पट्टी सोडून ती खुर्च्यांत गेली. "हाव झाली, काका," एवढंच तो बोलला आणि खाली बसला. दहा-अकरा वर्षांचं पोर भर सभेत हे कबूल करतं, त्यापुढं कुठलं अध्यक्षीय भाषण मला आठवत नाही.

एकानं तर वजनाला हातच लावला नव्हता. एक्सलच्या खिळ्यांची कड त्यानं आधी कानशीनं, मग ६०० आणि १००० नंबरच्या पॉलिश पेपरनं उतरवली, वर कोरडं ग्रॅफाइट चोळलं. तेल नको, धूळ धरतं. मग कडप्प्यावर गाडी सोडून ती कुठल्या अंगाला ओढते ते बघत खिळे केसभर फिरवत बसला, एक अख्खी संध्याकाळ.

हे ऐकायला माणसं थांबत नाहीत, ते मला खुपतं. बक्षिसं वाटून झाली की पालक मुलांचे हात धरून निघतात. एका वर्षी मनोगताला आम्ही मोजून अकरा जण होतो. जुने सभासदही मॅच आहे, लग्न आहे म्हणतात. वर्षातून एक रविवार मागतो आम्ही.

जे थांबतात त्यांची नोंद मात्र व्हायलाच हवी. चाकं कातून एक पैसा न घेणारे टर्नर काका. आपला काटा स्वतः घेऊन येणारे सोनारमामा, आणि तो परत पोचवणारा त्यांचा भाचा. पोहे करणाऱ्या चौघी वहिनी. पाचवी यंदा आजारी होती, तरी तिनं कांदे चिरून पाठवले. फाटक उघडणारे निवृत्त विज्ञानाचे गुरुजी, चहावाला पोरगा, रात्री खुर्च्या मोजून घेणारा शाळेचा शिपाई, माईक देणारे आणि वायर कमी पडली म्हणून घरातली काढून आणणारे मांडववाले, फोटो काढणारी गुरुजींची नात. पट्ट्या पुसणाऱ्या दोन्ही भावांची नावं गेल्या अहवालात राहिली होती, त्याची मला अजून बोच आहे.

आणि सुतार आजोबा. उतार त्यांनी केला. सांध्याला कोन ठेवला तर गाड्या आपटतात, म्हणून रंधा मारून, तळहात फिरवून, त्यांनी तिथं वाकण काढलं. ते जाऊन तीन वर्षं झाली. यंदाच्या पावसात तिथली फळी फुगलीय. नवी घालायला त्यांचा मुलगा तयार आहे. जुनी फळी माळ्यावरून काढून आधी कागदावर तिचं वाकण छापून घ्यायचं, असं आम्ही ठरवलंय.