शुक्रवारी मासेही नकोत

उपवास म्हटला की आमच्या इमारतीतल्या शेजाऱ्यांच्या डोळ्यांसमोर साबुदाण्याची खिचडी येते, त्यामुळे ईस्टरपूर्वीचा आमचा कॅथलिक उपवासकाळ ज्या दिवशी सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी कपाळावर राखेचा क्रूस घेऊन मी मासुंदा तलावाजवळच्या चर्चमधून परतले की "तुम्हाला काय चालतं?" अशी आपुलकीने चौकशी होते. चर्चचा नियम तसा सौम्य आहे. राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) या दोन दिवशी 18 ते 59 वयाच्या धडधाकट माणसाने एकदाच पोटभर जेवायचे आणि एरवी अगदी थोडे खायचे. शिवाय उपवासकाळातल्या प्रत्येक शुक्रवारी 14 वर्षांपुढील सर्वांनी मांस वर्ज्य करायचे.

नियमात मासे वर्ज्य नाहीत. परंतु खाडीकाठच्या ठाण्यात वाढलेल्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मूळच्या मराठी ख्रिस्ती, घराने मटण सोडून शुक्रवारी हलव्याच्या तुकड्या तळाव्यात, याला मी तरी त्याग म्हणणार नाही. बाटली मसाला चोळलेली तुकडी तव्यावर पडली की वास जिन्यापर्यंत जातो आणि मुले हाक मारण्याआधीच ताटावर येऊन बसतात. आमचा जीव ज्यात अडकलेला आहे ते हेच. म्हणून आमच्याकडे शुक्रवारी वरणभात आणि एखादी पालेभाजी असते, आणि मासळीचे वाचलेले पैसे वेदीपाशी ठेवलेल्या डब्यात पडतात. भुकेल्याला आपली भाकर वाटून देणे हाच देवाला हवा असलेला उपवास, असे यशया संदेष्ट्याच्या 58 व्या अध्यायात स्पष्ट म्हटले आहे, त्यामुळे तो डबा गरजूंपर्यंत पोहोचल्याखेरीज आमचा उपवास पुरा होत नाही.

संध्याकाळी क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या दुःखसहनाचे चौदा प्रसंग आठवत केलेली प्रार्थना, असते. चौदाही स्थानांपाशी गुडघे टेकताना वयस्कर बायका बाकाची कड घट्ट धरतात, तरी बसून राहत नाहीत. बाराव्या स्थानापाशी, ख्रिस्त प्राण सोडतो तिथे, सारे चर्च स्तब्ध होते.

सर्वांत अवघड मात्र पापनिवेदन, म्हणजे फादरांपुढे आपली पापे कबूल करणे. फादरांनी सांगितलेली प्रार्थना म्हणून होते, पण आपल्यामुळे दुसऱ्याचे झालेले नुकसान भरून देणेही चर्चच्या शिकवणीप्रमाणे प्रायश्चित्तात येते. एखाद्याची निंदा केली असेल, तर जिथे केली त्याच माणसांसमोर ती मागे घ्यावी लागते, आणि ज्या नातेवाइकाशी अबोला धरला आहे त्याच्या दारी ईस्टरआधीचा पवित्र आठवडा लागण्यापूर्वी स्वतःहून जावे लागते.