इंजिन बांधायचे की बदलायचे?

गेल्या आषाढात, पाऊस तीन दिवस सलग कोसळत असताना, फोंड्याच्या माझ्या गॅरेजसमोर टोइंगच्या गाडीवरून एक लाल सॅन स्टॉर्म उतरवली गेली. ही दोन आसनांची, उघड्या टपाची, फायबरच्या बॉडीची छोटी स्पोर्ट्स कार नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आपल्या गोव्यातच बनत होती, हे आज तरुण मेकॅनिकांना सांगितले तर त्यांना थट्टा वाटते. मालक निवृत्त प्राध्यापक. चार दिवसांपूर्वी पणजीच्या 18 जून रस्त्यावर साचलेल्या पाण्यात त्यांनी गाडी घातली, ती मधेच बंद पडली आणि त्यांनी, सगळेच करतात तसे, पुन्हा पुन्हा स्टार्टर मारला.

दुसऱ्या एका गॅरेजने पाणी काढून, प्लग सुकवून गाडी चालू केली होती, पण इंजिन थरथरत होते. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात हवा किती दाबली जाते ते, तपासले तेव्हा तीन सिलिंडर 165 ते 170 पीएसआय (दाबाचे एकक) आणि तिसऱ्या क्रमांकाचा मात्र 140. त्यावरून त्यांनी निदान केले की पिस्टनभोवतीची, हवा अडवणारी रिंग तुटली, बोअर, म्हणजे सिलिंडरचे भोक, झिजून गेला. आता मारुती एस्टीमचे इंजिन बसवा, तीन आठवड्यांत गाडी देतो. सरांना तो सल्ला पटलाही होता. "मेस्त, मला गाडी चालवायची आहे, देव्हाऱ्यात ठेवायची नाही," असे ते मला म्हणाले, आणि त्यात चूक काही नव्हते.

एस्टीमच्या बाजूने खरोखरच बरेच बोलता येते. ते 1298 सीसीचे इंजिन जिप्सीतही असल्यामुळे त्याचे पिस्टन, रिंगा, बेअरिंगे कुठेही मिळतात आणि ते खोलताना कोणाचा हात अडत नाही. याउलट स्टॉर्ममधले 1149 सीसीचे इंजिन रेनॉचे. परदेशात ते ट्विंगो आणि क्लिओ या गाड्यांत आले, पण आपल्याकडच्या दुकानदाराला त्याचे नाव सांगितले की तो आधी आपल्याकडे आणि मग छताकडे पाहतो. तरीही एस्टीमचे इंजिन म्हणजे चार बोल्ट बदलण्याचे काम नव्हे. रेनॉच्या गिअरबॉक्सला त्या इंजिनाचे तोंड जुळत नाही, म्हणून गिअरबॉक्सही बदलावा लागतो. मग ड्राइव्ह शाफ्ट मापाने करून घ्यावे लागतात, माउंटिंग नव्याने वेल्ड करावे लागते आणि वायरिंगची गुंतागुंत वेगळीच. शिवाय आरसी बुकावर इंजिन क्रमांक असतो. तो बदलायचा तर मोटार वाहन कायदा, 1988 च्या 52व्या कलमाखाली आरटीओची मंजुरी घ्यावी लागते. गाडीची नोंदणी 2001 सालची असल्याने पंधरा वर्षांनंतरचे दर पाच वर्षांचे नूतनीकरण पुढच्याच वर्षी येत होते, आणि त्या वेळी निरीक्षक क्रमांक ताडून पाहणार, हे उघड होते.

मला मात्र त्या 140 च्या आकड्याने अस्वस्थ केले होते. रिंग तुटली असती तर आकडा याहून बराच खाली गेला असता. म्हणून त्याच दुपारी मी लीकडाउन तपासणी केली. पिस्टन अगदी वर आणून, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडायची आणि किती टक्के निसटते ते पाहायचे. चारही सिलिंडर 8 ते 10 टक्क्यांत आले, तिसराही 9. सायलेन्सरला कान लावला, थ्रॉटलपाशी ऐकले, डिपस्टिकच्या नळीपाशी ऐकले. कुठेही वावगा आवाज नव्हता. म्हणजे दाब कमी, पण गळती नाही. याचा एकच अर्थ उरतो: हवा बाहेर जात नाही, तर ती पुरेशी दाबलीच जात नाही, कारण पिस्टन पूर्ण वरपर्यंत पोहोचत नाही.

हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण, काढून ब्लॉकवर डायल गेज हे बारीक मापाचे घड्याळ लावले. तिसरा पिस्टन सर्वांत वरच्या स्थितीतही इतर तिघांपेक्षा 1.2 मिलिमीटर खाली राहत होता. पिस्टनला खालच्या क्रँकशाफ्टशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकला होता. पाणी दाबले जात नाही, आणि या इंजिनात पिस्टन वर आल्यावर डोक्यावर उरणारी जागा जेमतेम 33 मिलिलिटर, म्हणजे दोन-तीन मोठे चमचे. त्याहून थोडे जास्त पाणी आत गेले की रॉडने वाकायचे किंवा तुटायचे, एवढेच ठरायचे बाकी असते.

बोअर मोजण्यापूर्वीच मी सरांसमोर अट घालून घेतली, कारण माप हाती आल्यावर मन त्याला सोयीचा अर्थ देते. मूळ बोअर 69 मिलिमीटरचा; झीज 0.05 च्या पुढे निघाली तर ओव्हरसाइज, म्हणजे वाढीव मापाचे, पिस्टन शोधत बसायचे नाही, सरळ एस्टीम बसवायचे. बोअर गेजवर 69.02 आणि 69.03 आले. तिसऱ्या सिलिंडरच्या भिंतीवर पिस्टनने एका बाजूला हलके ओरखडे काढले होते, पण नख अडकत नव्हते. सर चष्मा लावून स्वतः गेज वाचत होते. मग ते म्हणाले, "म्हणजे अख्ख्या इंजिनात एक रॉडच नापास?" मी बेअरिंगे, हेड गास्केट आणि टायमिंग बेल्टही त्यात धरायला सांगितले.

पोर्तुगालहून असेच जुने आख्खे इंजिन मागवावे, हाही एक विचार झाला, पण तो मीच खोडला. झाकली मूठ सव्वा लाखाची असते, ती उघडल्यावर आत कोणाचा बोअर निघेल ते सांगता येत नाही. आणि इंजिन क्रमांकाचे लचांड तिथेही होतेच. रॉड मात्र तिथूनच आला. माझ्या हाताखालच्या मुलाचा मावसभाऊ लिस्बनला राहतो. त्याने भंगारात काढलेल्या एका ट्विंगोचा रॉड पाठवला, त्याला पाच आठवडे लागले. वाकलेला रॉड प्रेसखाली सरळ करून देणारे लोक आहेत, पण मी ते करत नाही. आलेला रॉड ओळखीच्या सोनाराच्या तराजूवर तोलला. इतर तिघांपेक्षा तो 3 ग्रॅम जड भरला, तेवढे कानशीने काढले. ब्लॉक होनिंगसाठी, म्हणजे सिलिंडरच्या भिंती बारीक घासून घेण्यासाठी, आणि हेड सपाट करण्यासाठी चोर्ला घाटातून बेळगावला गेले, कारण त्या कामाला मला तिथलाच हात लागतो.

गणपतीनंतरच्या आठवड्यात इंजिन चालू झाले. हजार किलोमीटरनंतर कॉम्प्रेशन चारही सिलिंडरांत 168 ते 172 मिळाले. एकूण खर्च एस्टीमच्या अंदाजाच्या निम्म्याहून थोडा अधिक आला. मात्र तीन आठवड्यांच्या जागी अडीच महिने गेले आणि त्याबद्दल सरांनी मला दोनदा फोनवर सुनावले. गाडी देण्याआधी मी एअर फिल्टरच्या नळीचे तोंड जेवढे वर घेता येईल तेवढे वर घेतले, आणि पाण्यात बंद पडली तर चावीला हात लावायचा नाही, हे मराठीत लिहिलेला कागद डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवला.