पिकअपच्या अ‍ॅक्सलला घातलेला लगाम

मिशिगनमध्ये तळ्यात होडी सोडणाऱ्या प्रत्येकाला पाण्यात उतरत जाणारा तो ओला, शेवाळलेला काँक्रीटचा उतार चांगला परिचयाचा असतो. होडीचा ट्रेलर पाण्यातून वर ओढताना माझ्या १९९५ सालच्या फोर्ड एफ-१५० या पिकअपची मागची चाके नुसती घसरत नसत, तर जागच्या जागी उड्या मारत, आणि त्या धडधडीने डॅशबोर्डवरचा चष्मा खाली पडे. असे दोन उन्हाळे काढल्यावर प्रोपेलर शाफ्टचा (इंजिनाचा जोर मागच्या अ‍ॅक्सलला पोचवणाऱ्या दांड्याचा) मागचा क्रॉस, म्हणजे वळता सांधा, तुटला, तेव्हा मात्र गाडीखाली शिरणे भाग पडले.

पत्नीला गाडी चालवायला सांगून मी बाजूने मोबाइलवर चित्रण केले आणि ते संथ गतीने पाहिले. इंजिनाचा जोर चाकांना पुढे फिरवतो, त्याच वेळी अ‍ॅक्सलचे हाउसिंग, म्हणजे बाहेरचे कवच, उलट दिशेने फिरू पाहते आणि त्याचे पुढचे नाक वर उचलले जाते. सांगलीकडे उसाच्या भरलेल्या ट्रॉल्या ओढताना ट्रॅक्टरची पुढची चाके उचलली जातात, ती याच उलट जोरामुळे. ट्रॅक्टरचे हाउसिंग अंगाचाच भाग असल्यामुळे तिथे सगळे धूड उठते. पिकअपमध्ये मात्र तो पीळ कमानपाट्यांना, म्हणजे अ‍ॅक्सलवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगांना, सोसावा लागतो. पाट्याचा पुढचा अर्धा भाग वर आणि मागचा खाली वाकून त्याला नागमोडी आकार येतो, चाकाची पकड सुटताच तो पाटा झटक्याने सरळ होतो, चाक पुन्हा पकड घेते आणि पुन्हा पीळ बसतो. आपण ज्याला उड्या म्हणतो, ते हेच चक्र.

माझ्या गाडीत आधीच्या मालकाने पाटे आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये ३ इंचांचे ठोकळे बसवलेले होते, आणि अशा ठोकळ्यांमुळे पाट्याला पिळणारी तरफ आणखी लांब होते. ते काढून टाकणे हा स्वस्तातला उपाय होता हे मला मान्य आहे, पण मग मोठे टायर मडगार्डला घासले असते, आणि खरे सांगायचे तर मला वेल्डिंग करायला निमित्त हवेच होते. म्हणून हाउसिंगपासून पुढे चेसिसपर्यंत जाणारी, हा पीळ अडवणारी दांडी (ट्रॅक्शन बार) बनवायची ठरवली.

५.८ लिटरच्या या इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, सुमारे ४४० न्यूटन-मीटर आहे. त्याला पहिल्या गिअरच्या २.७१ या आणि अ‍ॅक्सलच्या ३.५५ या गुणोत्तराने गुणले की ४,२०० च्या वर आकडा जातो. एवढा पीळ ४६ इंच लांबीच्या दांडीने अडवायचा, तर दांडीच्या पुढच्या टोकाला साडेतीनशे किलोंहून अधिक उभा जोर येतो, आणि टॉर्क कन्व्हर्टर (ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये टॉर्क वाढवणारा भाग) व चाकांचे हिसके धरले तर याहून बराच जास्त. म्हणून पावणेदोन इंच व्यासाची, ३ मिलिमीटर जाडीची बिनजोड नळी आणि ६ मिलिमीटरची प्लेट घेतली. हाउसिंगवर एकाखाली एक असे दांडी धरणारे दोन कान आणि त्यांच्यापासून पुढे निमुळत जाणारा नळ्यांचा त्रिकोण, एवढीच ती रचना. डाव्या बाजूला चेसिसच्या आत पेट्रोलची टाकी असल्यामुळे तिकडे ठिणगी पाडण्याचा प्रश्नच नव्हता. दांडी उजवीकडे घेतली, तीही एकच, कारण दोन ताठ दांड्या लावल्या की खड्ड्यात एकच चाक उचलले जाताना अ‍ॅक्सलला मोकळेपणाने कलता येत नाही.

हाउसिंगच्या नळीवर एका दमात लांब वेल्ड मारला तर नळी वाकते, म्हणून इंच-इंचाचे टाके आलटून पालटून घातले आणि मध्ये हात लावता येईल इतके थंड होऊ दिले. बॅटरीच्या तारा आधीच सोडल्या होत्या, आणि अर्थचा चिमटा वेल्डच्या शेजारी हाउसिंगलाच लावला होता, कारण तो दूर चेसिसला लावला तर करंट बेअरिंगमधून जाण्याचा धोका असतो.

इतके सांभाळूनही मुख्य चूक झालीच. दांडीचे पुढचे टोक मी चेसिसच्या आडव्या पट्टीला थेट बोल्टने अडकवले. कमानपाटा दबला की लांब होतो आणि अ‍ॅक्सल किंचित मागे सरकतो. दांडी मात्र त्याला आपल्या बोल्टभोवतीच्या वर्तुळात ओढू पाहते, आणि ही दोन वळणे जुळत नाहीत. उड्या थांबल्या खऱ्या, पण गाडी लाकडी बैलगाडीसारखी कडक झाली आणि तिसऱ्या आठवड्यात पुढच्या ब्रॅकेटच्या वेल्डला केसासारखा तडा गेलेला दिसला. वडिलांना फोनवर सांगितले, तर ते म्हणाले, "अरे, पाट्याच्या मागच्या टोकाला शॅकल कशासाठी असतं, तेवढं तरी बघायचंस."

शॅकल म्हणजे पाट्याचे टोक चेसिसला झुलते ठेवणारी कडी, आणि त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते. ब्रॅकेट कापून काढले आणि तिथे दोन पट्ट्यांचे ४ इंची शॅकल लावून दांडीचे टोक त्यात पॉलियुरेथेनच्या (रबरासारख्या प्लास्टिकच्या) बुशवर टांगले. आता ते टोक मागेपुढे झुलू शकते, वरखाली मात्र जाऊ शकत नाही, आणि पीळ अडवायला नेमके तेवढेच पुरते. गाडी चारही चाकांवर उभी असताना शॅकल ओळंब्यात असावे लागते. ते तिरके राहिले तर उभ्या जोराचा काही भाग अ‍ॅक्सलला मागेपुढे ढकलण्यात जातो.

शॅकल किती हलते हे पाहण्यासाठी मी ब्रॅकेटवर आणि शॅकलवर मिळून खडूची एक सरळ रेघ ओढून ठेवली होती. उतारावरून होडी वर काढल्यावर पाहिले, तर रेघेच्या दोन तुकड्यांत जेमतेम अर्ध्या इंचाचे अंतर पडले होते. चाके त्या दिवशीही शेवाळावर घसरली, पण नुसतीच घसरली, आणि चष्मा डॅशबोर्डवरच राहिला.